माळ्यावरचा बंब आणि ऑनलाइन लिलाव: बोली कशी चढते, कुठे अडते

पुण्यात सध्या दर दोन गल्ल्यांआड एखाद्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, शिवाय पेठांमधले उरलेसुरले वाडे. बिल्डरशी करार झाला की घर रिकामं करायची तारीख येते आणि चाळीस-पन्नास वर्षं माळ्यावर पडून असलेल्या वस्तू आठवड्याभरात खाली उतरतात. पाणी तापवायचा पितळी बंब, फिरकीचे तांबे, उषाचं शिलाई मशीन, मर्फीचा रेडिओ, बंद पडलेली एचएमटीची घड्याळं, ग्रामोफोनच्या तबकड्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे. भाड्याच्या तात्पुरत्या फ्लॅटमध्ये यातलं काही मावणार नसतं. मुलं फोनवरून सांगतात, ‘ऑनलाइन टाका, हल्ली सगळं विकलं जातं.’ शेजारचे काका म्हणतात, ‘लिलाव करा, जास्त येतील.’ तारीख तोंडावर येते, भंगारवाल्याचा टेम्पो उभा राहतो आणि बंब वजनकाट्यावर चढतो.

वजनावर देण्यात वाईट काही नाही. वाईट वाटतं ते याचं, की कोणती वस्तू वजनावर द्यायची आणि कोणती बोलीवर, हे समजून घ्यायला कुणाला सवडच मिळत नाही. ऑनलाइन लिलाव हा शब्द सगळ्यांच्या कानावर असतो, पण तो चालतो कसा, त्यात घरातल्या वस्तूला जागा आहे का, फसवणूक कुठे होते, हे नीट कुणी सांगत नाही. ते इथे पायरीपायरीने पाहू.

## किंमत ठरायचे तीन रस्ते

वस्तूची किंमत तीन प्रकारे ठरते. विकणारा आकडा सांगतो आणि घेणारा तो मान्य करतो किंवा निघून जातो. किंवा दोघं घासाघीस करतात. किंवा विकणारा बाजूला उभा राहतो आणि घेणारेच एकमेकांवर चढ करतात. हा तिसरा प्रकार म्हणजे लिलाव, आणि घेणाऱ्याने पुकारलेला आकडा म्हणजे बोली.

पहिल्या दोन प्रकारांत विकणाऱ्याला वस्तूच्या किमतीचा अंदाज आधी असावा लागतो. लिलावात तो नसला तरी चालतं, कारण किंमत शोधायचं काम बोली लावणारे करतात. मात्र बोली चढायला निदान दोन माणसं लागतात आणि दोघांनाही तीच वस्तू मनापासून हवी असावी लागते. एकटाच घेणारा असेल तर तो सुरुवातीच्या आकड्यालाच वस्तू घेऊन जातो. त्यामुळे लिलाव करू का, या प्रश्नाआधी विचारायचा प्रश्न एकच: ही वस्तू हवी असणारं दुसरं माणूस कुठे आहे?

ईबे हे संकेतस्थळ पिअर ओमिडयार यांनी १९९५ मध्ये सुरू केलं, तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. १४.८३ डॉलरला गेला. घेणाऱ्याला तो बिघडलेला आहे हे माहीत होतं. त्याला तसाच हवा होता. आपल्या दृष्टीने टाकाऊ असलेली वस्तू कुणाला तरी हवी असते, पण तो ‘कुणीतरी’ शेजारच्या इमारतीत राहत नसतो. इंटरनेटने केलं ते एवढंच, की तो हजार किलोमीटरवर असला तरी सापडू लागला.

## आपल्याकडे असा लिलाव होतो तरी कुठे?

इथे बरेच जण गोंधळतात. भारतात घरगुती वस्तूंचा ऑनलाइन लिलाव एकेकाळी चांगला रुजत होता. बाझी डॉट कॉम हे संकेतस्थळ २००० साली निघालं, २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतलं आणि पुढची बारा-तेरा वर्षं नाणी, तिकिटं, कॅमेरे, पुस्तकं यांवर तिथे बोली लागत राहिल्या. २०१७ मध्ये ईबेचा भारतातला व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते भारतीय संकेतस्थळ बंद झालं. सर्वसामान्य माणसाला कुठलीही जुनी वस्तू लिलावाला लावता येईल असं तितकं मोठं ठिकाण त्यानंतर आपल्याकडे उरलं नाही.

ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर जे चालतं तो लिलाव नव्हे. तिथे तुम्ही किंमत लिहिता, लोक चॅटवर घासाघीस करतात. पाच जणांनी पाच आकडे सांगितले तरी एकाचा आकडा दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून चढाओढ होत नाही. वर्तमानपत्रात बँकांच्या ई-लिलावाच्या पानभर नोटिसा येतात, त्या थकीत कर्जदारांच्या मालमत्तांच्या. सरकारी कंपन्यांचं भंगार एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर लिलावात निघतं. आपल्या बंबाचा या दोन्हींशी संबंध नाही.

घरातल्या वस्तूसाठी आज तीन वाटा आहेत. नाणी, नोटा, चित्रं अशा गोष्टींसाठी मुंबई, बंगळूरू वगैरे ठिकाणची लिलावगृहं. ती वस्तू तपासून घेतात, छापील यादी काढतात, ऑनलाइन बोली घेतात आणि आपलं कमिशन कापून पैसे देतात. दुसरी वाट संग्राहकांच्या व्हॉट्सअॅप आणि फेसबुक ग्रुपची. घड्याळं, तबकड्या, फाउंटन पेन, आगपेट्यांची लेबलं, जुने कॅमेरे, प्रत्येकाचा आपापला गोतावळा असतो आणि तिथे ‘रविवारी रात्री ९ ला बंद’ असं लिहून साधेपणाने लिलाव चालतो. तिसरी वाट ईबेच्या जागतिक संकेतस्थळाची. तिथे भारतातून परदेशी विकता येतं, पण ते विक्रेता म्हणून नोंदणी, निर्यातीची कागदपत्रं आणि परदेशी टपाल सांभाळू शकणाऱ्याचं काम. एका घराची आवराआवर करणाऱ्याने त्या फंदात पडू नये, असं माझं मत आहे.

## बोली नेमकी कशी चढते

मोठ्या संकेतस्थळांवर बोली लावणारा दिवसभर स्क्रीनसमोर बसत नाही. तो आपली कमाल रक्कम एकदाच लिहून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत जाते. याला प्रतिनिधी बोली म्हणू.

गावच्या जत्रेत देवापुढच्या मानाच्या नारळाचा लिलाव होतो, तो आठवा. तुम्हाला जाता येत नाही म्हणून तुम्ही पुतण्याला पाठवता आणि कानात सांगता, ‘दोन हजारापर्यंत जा, पण उगाच आधी बोलू नकोस.’ समोरचा बाराशेवर थांबला, तर पुतण्या तेराशेला नारळ घेऊन येतो; दोन हजार हा आकडा कुणाला कळतही नाही. संकेतस्थळावरचा प्रोग्राम असा आज्ञाधारक पुतण्या असतो. त्याचा हात कधी सुटत नाही.

आता बंबाकडे येऊ. समजा तुम्ही तो ३,००० रुपयांपासून लावला आणि बोली २०० रुपयांच्या टप्प्याने वाढते. कोथरूडच्या एका संग्राहकाने मनात ९,००० ठरवले आहेत, नाशिकच्या एकाने ७,०००. बंब किती रुपयांना जाईल? ७,२०० ला. म्हणजे विकणाऱ्याच्या हातात येणारी रक्कम सर्वांत जास्त हौस असलेल्या माणसावर ठरत नाही, ती दुसऱ्या क्रमांकाच्या हौशीवर ठरते. नाशिककर आलाच नसता तर तोच बंब तोच माणूस तीन हजाराला घेऊन गेला असता.

या पद्धतीचं गणित विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये मांडलं आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. टपाल तिकिटांचे संग्राहक पत्राने होणाऱ्या लिलावांत ही पद्धत त्याच्याही कितीतरी आधीपासून वापरत होते. व्हिक्री यांनी दाखवलं ते असं: जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाचीच किंमत मोजावी लागत असेल, तर बोली लावणाऱ्याला आपला खरा आकडा लपवून काही फायदा नाही. खरा आकडा लिहिणंच त्याच्या हिताचं.

तरीही लोक शेवटच्या मिनिटाला बोली टाकतात, समोरच्याला उत्तर द्यायला वेळ मिळू नये म्हणून. ईबेवर लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद होत असे आणि तिथे ही सवय फार होती. अॅमेझॉनने एकेकाळी लिलाव चालवले, तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढायची. अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये दोन्हींची तुलना प्रसिद्ध केली. वेळ वाढणाऱ्या लिलावात शेवटच्या क्षणाची धावपळ बरीच कमी दिसली. व्हॉट्सअॅपवर लिलाव लावणार असाल तर हा नियम पहिल्या संदेशातच लिहा: ‘शेवटच्या पाच मिनिटांत बोली आल्यास आणखी पाच मिनिटं वाढतील.’ विकणाऱ्याला यात फायदाच आहे.

## काय लिलावात टाकावं, काय टाकू नये

सहा वर्षं जुना फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा, गोदरेजचं कपाट यांचा लिलाव करू नका. यांचा भाव साधारण सगळ्यांना माहीत असतो, माल जड असतो आणि घेणारा चार-पाच किलोमीटरच्या आतलाच असतो. किंमत लिहा, थोडी घासाघीस गृहीत धरा आणि मोकळे व्हा.

लिलाव शोभतो तो अशा वस्तूला, जिचा भाव तुम्हाला सांगता येत नाही आणि जिच्या मागे हौशी माणसं आहेत. एचएमटीचं चावीचं घड्याळ घ्या. घड्याळं बनवणारी ही सरकारी कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि त्यानंतर जुन्या ‘जनता’, ‘पायलट’ घड्याळांचा शोध घेणारे वाढले. पण संग्राहक मूळ तबकडी, म्हणजे डायल, शोधतो. बाजारात पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांची घड्याळं भरपूर आहेत, म्हणून पिवळट पडलेली, डागाळलेली, पण मूळ तबकडी असलेलं घड्याळ चकाचक घड्याळाहून अधिक बोली घेऊ शकतं. इथेच घरोघरी नुकसान होतं. विकायच्या आधी आपण हौसेने घड्याळ पॉलिश करून आणतो, पितळेला चिंच लावतो, नाणं घासून लख्ख करतो. नाणं घासलं की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरलीच. धूळ पुसा, बाकी हात लावू नका.

बंबाचं थोडं वेगळं आहे. त्याला वजनाचा भाव आहे आणि तो त्याचा तळ आहे. रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानात मोडीचा दर विचारून घ्या, घरी वजन करा, गुणाकार करा. त्याखाली द्यायचंच नाही एवढं नक्की झालं. घाट चांगला असेल, तोटी आणि झाकण मूळचं असेल, पोचा आलेला नसेल, तर वजनावर जास्तीचे किती मिळतील हे शोधायला लिलाव.

ग्रामोफोनच्या तबकड्यांत मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जुन्या तबकड्या वेगळ्या काढा. त्या काचेसारख्या फुटतात. दिवाळी अंक किलोने जातात, पण सलग वर्षांचा संच असेल तर सुटा करू नका. संशोधकाला आणि संग्राहकाला सलगपणाच हवा असतो.

## ‘एका नोटेला लाखो मिळतात म्हणे’

ट्रॅक्टर असलेली पाचची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, ७८६ क्रमांकाची नोट. यांना लाखो रुपये मिळतात असे व्हिडिओ घरोघरी फिरतात. ज्येष्ठ मंडळींचा त्यावर विश्वास बसतो आणि याच विश्वासावर भामटे जगतात. ‘तुमची नोट आठ लाखांना विकली गेली, फक्त कर आणि प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही, ती असं कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

समजून घ्यायची गोष्ट अशी, की मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. संकेतस्थळावर कुणीही पाचच्या नोटेपुढे पाच लाख लिहू शकतो. ती तिथेच पडून राहते. खरा भाव कळतो तो झालेल्या सौद्यांवरून. ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू पाहायची सोय आहे आणि नाण्यांची लिलावगृहं प्रत्येक लिलावानंतर कोणती वस्तू कितीला गेली याची यादी देतात. आपल्यासारखीच वस्तू, साधारण त्याच अवस्थेतली, तिथे शोधा.

आणि मग आपल्या मनातल्या आकड्याकडे पाहा. रिचर्ड थेलर, डॅनियल कानमन आणि जॅक नेच या संशोधकांनी १९९० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि कितीला विकाल विचारलं. बाकीच्यांना कितीला घ्याल विचारलं. ज्यांच्या हातात मग आला होता त्यांनी घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट किंमत सांगितली. काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगाची ही गोष्ट. ज्या बंबातल्या पाण्याने आपल्या घरात तीन पिढ्यांची दिवाळीची पहिली आंघोळ झाली, त्याची किंमत आपल्याला जास्त वाटणारच. त्यात चुकीचं काही नाही. पण घेणाऱ्याला ती आठवण विकत घेता येत नाही. खरेदीची जुनी पावती, बनवणाऱ्याचा शिक्का, वस्तू घरात असतानाचा जुना फोटो असं काही असेल तर ते मात्र जरूर जोडा, त्याला संग्राहक मान देतो.

## खरं वर्णन लिहिलं तर किंमत पडणार नाही का?

हा आक्षेप हमखास येतो. ‘तडा गेलाय हे कशाला सांगायचं?’

अर्थतज्ज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन याचं उत्तर दिलं. २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा या कामासाठीच होता. गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा वाईटच गृहीत धरून आकडा सांगतो. मग चांगली गाडी असलेला माणूस त्या आकड्याला विकायला तयार होत नाही, तो बाजारातून उठतो आणि मागे खराब गाड्याच उरतात. ऑनलाइन व्यवहारात वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही, त्यामुळे हा अविश्वास कैक पटींनी वाढतो.

त्यावर तुमच्या हातात असलेला एकच उपाय म्हणजे न विचारता दोष दाखवणं. तड्याचा जवळून काढलेला फोटो टाका. रेडिओ लागतो का, लागला तर खरखर येते का, हे लिहा. ‘चालू आहे की नाही तपासलेलं नाही’ हे तपासलं नसेल तरच लिहा. उन्हाच्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर, सगळ्या बाजूंनी फोटो, आणि आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी. दोष दाखवणाऱ्या विक्रेत्याच्या बाकीच्या वर्णनावर लोक विश्वास ठेवतात आणि बिचकत लावायची बोली जरा मोकळ्या हाताने लावतात. वस्तू परत येण्याची आणि भांडणाची कटकट टळते ते निराळंच.

## वस्तू मातीमोल गेली तर?

त्यासाठी राखीव किंमत असते: एवढ्याच्या खाली विकणार नाही, असा आकडा. बोली तिथवर पोचली नाही तर वस्तू तुमच्याकडेच राहते. राखीव किंमत आहे हे आधी सांगायला हवं, आकडा सांगितला नाही तरी चालतो.

सुरुवातीचा आकडा मात्र राखीव किमतीपेक्षा बराच खाली ठेवा. कमी आकड्याने जास्त माणसं लिलावात शिरतात, आणि एकदा बोली लावलेला माणूस सहसा चटकन मागे हटत नाही. हे चालतं ते शे-दोनशे जाणकार पाहत असलेल्या ग्रुपमध्ये. पंधरा जणांच्या सोसायटी ग्रुपवर एक रुपयापासून लिलाव लावलात तर पन्नास रुपयांना बंब देण्याची पाळी येईल.

## आपल्याच माणसाला बोली चढवायला सांगितलं तर?

मेहुण्याला सांगून दोन-चार बोली टाकायच्या, म्हणजे समोरचा पेटतो. अनेकांना ही चलाखी वाटते. ही फसवणूक आहे आणि आपला कायदा त्याबद्दल स्पष्ट आहे. वस्तुविक्री कायदा १९३० सालचा आहे. त्याचं ६४ वं कलम लिलावाबद्दल आहे. विकणाऱ्याला स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावायची असेल तर तसा हक्क राखल्याचं आधी जाहीर करावं लागतं. किंमत वाढवण्यासाठी खोटी बोली वापरली गेली असेल, तर घेणारा ती विक्री रद्द करू शकतो. याच कलमात हेही आहे, की लिलाव संपल्याचं जाहीर होईपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. राखीव किंमत ठेवायची मुभाही तिथेच आहे. मेहुण्याच्या बोलीने जे साधायचं असतं, ते राखीव किमतीने सरळ मार्गाने साधतं.

## जिंकणारा गायब झाला तर?

होतं असं. जिंकण्याच्या भरात बोली चढते आणि सकाळी पश्चात्ताप होतो. म्हणून पैसे चोवीस तासांत आले नाहीत तर वस्तू दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला त्याच्या शेवटच्या बोलीला देऊ, हे नियमांत आधीच लिहा. पैसे खात्यात आल्याशिवाय वस्तू हलवू नका. आणि पैसे आले हे मेसेज पाहून ठरवू नका, बँकेच्या अॅपमध्ये खात्यातली शिल्लक पाहा. मेसेज खोटा बनवता येतो.

विकणाऱ्याला लुबाडायचा नेहमीचा प्रकार ओळखून ठेवा. फोन करणारा सैन्यात किंवा निमलष्करी दलात असल्याचं सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, अजिबात घासाघीस करत नाही, वस्तू न पाहताच हो म्हणतो. मग क्यूआर कोड पाठवतो: ‘हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो फक्त पैसे देताना. घरातल्या प्रत्येक ज्येष्ठाला हे वाक्य सांगून ठेवा. तरी पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

घराचा पत्ता जाहिरातीत देऊ नका. रिकाम्या होत चाललेल्या इमारतीत एकट्या आजी-आजोबांनी अनोळखी माणसाला वरती बोलावणं धोक्याचं आहे. वस्तू खाली सोसायटीच्या ऑफिसात किंवा वॉचमनच्या केबिनपाशी दाखवा. जुना मोबाइल किंवा लॅपटॉप असेल तर त्यातली खाती बंद करून, सगळा डेटा पुसूनच द्या.

## पाठवायचं कसं?

हलक्या वस्तूचं सोपं आहे. बंबासारख्या पोकळ वस्तूचं कुरियर महाग पडतं, कारण बऱ्याच कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि खोक्याच्या आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. नेहमीचा हिशोब असा: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. ६० बाय ४५ बाय ४५ चं खोकं म्हणजे २४ किलोपेक्षा जास्त, आत बंब दहा किलोचा का असेना. पाठवणीचा खर्च कुणाचा, हे लिलावाआधी ठरलेलं हवं. जड वस्तूपुढे ‘पुण्यातून स्वतः घेऊन जावी’ असं सरळ लिहा. बोली लावणारे कमी होतील, पण खरे असतील.

## कर, आणि जे विकताच येत नाही

घरातल्या वापराच्या जंगम वस्तू, म्हणजे भांडी, फर्निचर, रेडिओ, कपडे, प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्तेत येत नाहीत. त्या विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती यांना ही सवलत नाही. विकण्यासाठी वस्तू विकत घ्यायला लागलात तर तो धंदा झाला, त्याचे नियम वेगळे.

कराहून महत्त्वाचा आहे पुरावस्तूंचा कायदा, १९७२ चा. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रं, कलाकुसरीच्या वस्तू त्यात येतात. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना ७५ वर्षांची मर्यादा आहे. अशा वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत, आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. देवघरातली जुनी मूर्ती किंवा पोथी फेसबुकवर टाकण्याआधी जाणकाराला दाखवा. हस्तिदंताची फणी, वाघनखाचं लॉकेट, भिंतीवरची हरणाची शिंगं यांना वन्यजीव कायदा लागतो. ती विकायला काढणं गुन्हा आहे. तलवार किंवा जुनी बंदूक निघाली तर आधी पोलीस ठाण्यात विचारा.

मोडी लिपीतल्या कागदांचं बाड निघालं, तर ते रद्दीत जाऊ नये आणि लिलावात सुटं सुटं होऊन विखुरूही नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ याच शहरात असे कागद जपत आलं आहे. तिथे दाखवा. कुणाच्या तरी वतनाचा, विहिरीच्या वाटणीचा कागद असला तरी इतिहासाला तो हवा असतो. रोजच्या वापरातल्या वस्तूंचं मोल डॉ. दिनकर केळकरांनी ओळखलं म्हणून राजा केळकर संग्रहालयात आज आपल्याला अडकित्ते आणि दिवे पाहायला मिळतात.

## मग जुना बाजार, भंगारवाला हे सगळे लुटारू का?

मुळीच नाही. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात बसणारा माणूस तुमचा रेडिओ कमी भावात घेतो, कारण तो घरी येतो, उचलून नेतो, दुरुस्त करतो, गिऱ्हाईक येईपर्यंत महिनोन्‌महिने सांभाळतो आणि न विकला गेला तर तोटा सोसतो. ऑनलाइन लिलावात ही सगळी कामं तुमच्या गळ्यात पडतात. फोटो, वर्णन, पन्नास चौकश्या, पॅकिंग. शंभर रुपयांच्या वस्तूसाठी ते करू नये. घरातल्या शंभर वस्तूंपैकी चार-पाच लिलावाच्या, दहा-पंधरा किंमत लिहून विकायच्या आणि बाकीच्या देऊन टाकायच्या किंवा वजनावर घालायच्या, असंच प्रमाण बहुतेक घरांत निघेल. बिघडलेला टीव्ही, वायरी, चार्जर ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या; तुमच्या दारी येणाऱ्या ‘स्वच्छ’ या संस्थेच्या कचरावेचक ताईंना विचारलंत तर कुठे द्यायचं ते त्या सांगतील.

## आणि भावंडांनाच तो बंब हवा असेल तर?

हा प्रश्न बाजारातल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा अवघड. आईवडिलांच्या मागे घर आवरताना चार भावंडांपैकी दोघांना एकच वस्तू हवी असते, कुणी बोलत नाही आणि गाठ वर्षानुवर्षं सुटत नाही. लिलावाचं तत्त्व इथे फार कामाला येतं. चौघांनी आपापल्या चिठ्ठीवर, एकमेकांना न दाखवता, त्या वस्तूसाठी किती रक्कम देऊ ते लिहायचं. समजा ८,०००, ६,०००, ३,००० आणि १,००० असे आकडे निघाले. आठ हजारवालीने वस्तू न्यायची आणि दुसऱ्या क्रमांकाचे सहा हजार मध्ये ठेवायचे. ते चौघांत सारखे वाटायचे, दीड-दीड हजार. म्हणजे तिच्या खिशातून साडेचार हजार गेले आणि ज्यांना वस्तू मिळाली नाही त्यांच्याही हाती काही आलं.

यावर रास्त आक्षेप असा, की ज्याच्याकडे पैसा जास्त तोच सगळं नेईल. अमेरिकेतला भाऊ गावातल्या बहिणीला सहज मागे टाकेल. मग पैशांऐवजी गुण वापरा. प्रत्येकाला शंभर गुण द्या आणि ते हव्या त्या वस्तूंवर वाटून लिहायला सांगा. बहिणीने बंबावर सत्तर लिहिले आणि भावाने पंचवीस, तर तिला तो किती हवा होता हे सगळ्यांना दिसतं, पैशाचा संबंध येत नाही. ज्या वस्तूवर कुणीच गुण लावले नाहीत तेवढ्यांचेच फोटो ग्रुपवर टाका, आणि तेही सगळ्यांचा होकार लेखी आल्यावर. लिलाव संपल्याचं तुम्ही जाहीर केलंत की वस्तू घेणाऱ्याची झाली. मग धाकट्याला आठवण आली म्हणून ती परत मागता येत नाही.